भोयर सरांचा उतारा

आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा ते चित्रकलेच्या भोयर सरांकडे सोपवण्यात आले. कारण विचारलं तर संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "पडद्यावर चित्रच दिसते ना? मंग चित्राचाच मास्तर पायजे." या तर्कात खोट काढील असं माणूस त्या सभेत एकच होतं, ते म्हणजे मी. पण मी त्या वेळी ठराव लिहिताना 'सर्वानुमते' हा शब्द जोडून लिहावा की तोडून, या चिंतेत होते.

तेव्हाची मी म्हणजे खळीची साडी, मानेवर घट्ट अंबाडा आणि हातात लाल पेन. विषय दोन, मराठी आणि शिवण-भरतकाम. वडील कचेरीत हेडक्लार्क, आजोबाही हेडक्लार्क, त्यामुळे आमच्या घरी चहा मागायचा तरी परिपत्रक काढल्यासारखा मागत. अशी मी लग्न होऊन राळेगाव तालुक्यातल्या या शाळेत येऊन पडले, आणि मराठी भाषा आपल्याच खांद्यावर उभी आहे असं समजून चालायला लागले. पोरं 'मले' म्हणाली की मी 'मला' म्हणायला लावायची. ती घरी जाऊन 'मला' म्हणाली की आई विचारायची, "कायले एवढी ऐट करून राह्यला बे?" आणि पाठीत धपाटा घालायची. परवा माझी नात म्हणाली, "आजी, तू तेव्हा किती बोअर असशील गं!" म्हटलं, बोअर नव्हते बाई, अनुस्वार होते. सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली.

भोयर सर एकटेच होते ज्यांच्या डोक्यावर मला बसता आलं नाही. तिथे जागाच नव्हती, ते स्वतःच बसलेले असत.

सरांचे केस काळेभोर आणि कपाळाची कड त्याहून काळी, कारण कलप लावताना हात घसरायचा. चित्रकलेच्या मास्तराला साधी रेषा सांभाळता येऊ नये, असं मी एकदा बोलून दाखवलं. "रेषा नाही मॅडम, छाया हाये थे," ते म्हणाले. राखाडी सफारी, कानावर पेन्सिल, आणि कोणी समोर आलं की एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून त्याचं माप घ्यायचं. हेडमास्तरांचं डोकं 'बंद्या अंगाच्या मानानं लायनं', म्हणजे सगळ्या अंगाच्या मानानं लहान आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केला होता, तोही हेडमास्तर तिथेच डबा खात असताना.

आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, "डोये बारीक करा." त्यांचं चित्र कोणाला ओळखू आलं नाही तर दोष चित्राचा नसे, पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा असे. शाळेच्या फाटकाशेजारी त्यांनी एक मोर काढला होता. पोरं विचारायची, "सर, कोंबडा काहून काढला?" सर ओरडायचे, "डोये बारीक कर लेका!" पोरं डोळे बारीक करायची, आणि खरं सांगते, मान जरा तिरपी ठेवली तर त्या कोंबड्याला पिसारा फुटायचा.

संगणक म्हणजे हल्लीचे डोळ्यांसमोर आणू नका. शहरातल्या कुठल्या तरी शाळेनं अडगळीत टाकलेले, मग 'योजनेतून' आमच्याकडे आलेले. एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळा संगणक. तो टीव्हीला जोडायचा आणि कार्यक्रम भरायचा तो साध्या टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटवरून. कॅसेट लावली की डुकराला पकडल्यासारखी किंचाळी ऐकू यायची. ती किंचाळी म्हणजेच कार्यक्रम. लाइन गेली की भरलेलं सगळं पुसलं जायचं, आणि आमच्याकडे लाइन जात नसे, ती अधूनमधून येत असे. "याचं डोक्सं आपल्या भाऊसाहेबासारखं हाये," सर म्हणायचे. "खुर्चीवरून उठलं का मांगचं काहीच ध्यानात नाही."

या यंत्रांवर सरांनी पोरांना बेरजा शिकवाव्यात अशी अपेक्षा होती. सर गेले वणीला.

वणीला त्यांची मुलगी दिली होती. तिथे एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, कोळसा खाणीतल्या पगारावर आणि ट्रकवाल्यांच्या रिकाम्या वेळावर चालणारं. कपाटाएवढी उभी मशीनं, प्रत्येकीचा वेगळा रंग आणि वेगळा कल्ला. सरांनी एकदा आत डोकावलं आणि त्यानंतर दर रविवारी मुलीकडे जेवायला म्हणून जायचे ते या दुकानात उभे राहायचे. खेळणाऱ्याच्या मागे, हातात फळी, फळीवर चौकटींचा कागद, एक डोळा मिटलेला, अंगठा पुढे. दुकानदाराला वाटलं, हा करमणूक कराचा माणूस. तो दर वेळी चहा आणि वर भजी पाठवायचा.

"मग तुम्ही त्याला खरं काय ते सांगितलं नाही?" मी विचारलं.

"त्यानं इचारलं नाही. मी कायले सांगू? च्या चांगला होता, अद्रक टाकलेला."

स्वतः मात्र खेळायचे नाहीत. खेळलेच तर डोळ्यांची पापणी लवायच्या आत मरायचे. त्याचंही त्यांना भूषण. "मले पाह्यता येते मॅडम. खेयनारा कोठी पाह्यते? त्याले फुरसत नसते."

"आणि हे कागद कशाचे?"

"उतारा काढून राह्यलो."

माझं लाल पेन आपोआप उघडलं. "उतारा परिच्छेदाचा असतो सर. नाहीतर मग जमिनीचा, तलाठ्याकडचा."

"अन् दारूचा?"

मी पदर सावरला. सर खूश झाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि एवढ्या वर्षांत रूपांतर या विषयावर इतकं सोपं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

"तथी मोठ्ठी मशीन, भल्ला रंग, भल्ला आवाज. आपल्या मशीनचं पोट एवढंसं. मंग मोठ्या घरचं लगन लायन्या घरात लावाचं हाये, असं समजा. पाहुने कमी करा. वाजा नोको, मांडव नोको. पन नवरदेव पायजे. नवरदेवच सुटला तं थे लगन नाही मॅडम, नुसतं जेवन हाये."

त्यानंतर सर कुठल्याही गोष्टीत नवरदेव शोधायला लागले. मी स्नेहसंमेलनासाठी स्वागतपर भाषण लिहिलं, चांगलं चार पानी, शेवटी संस्कृत श्लोक. सरांनी वाचलं आणि कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "झकास हाये मॅडम. नवरदेव कोन्त्या पानावर हाये?"

आता या उताऱ्यात मी कुठे आले, तर दोसुतीमुळे. त्या यंत्राच्या पडद्यावर प्रत्येक आकृती चौकटींनी बनायची. आठ आडव्या, आठ उभ्या. काही भरायच्या, काही रिकाम्या सोडायच्या. सरांना तेवढ्यात काही बसवता येईना. एक दिवस ते माझ्या शिवणवर्गात आले आणि टेबलावरच्या माझ्या दोसुतीच्या, म्हणजे चौकटी मोजता येतील अशा विणीच्या, टेबलक्लॉथकडे पाहून थांबले. पोपटांची नक्षी होती, एकेक टाका मोजून भरलेली.

"मॅडम," ते म्हणाले, "हे तं तुमी आधीपासूनच करून राह्यल्या!"

मी इतकी फुगले की अंबाडा सैल झाला. आपण संगणकशास्त्रात आहोत हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. त्या भरात मी टेबलक्लॉथ त्यांना दिला. तो परत आला नाही.

पहिला उतारा निघाला तो ठिपके खात चक्रव्यूहात पळणाऱ्या गोल तोंडाचा. वणीला ते पिवळंधमक होतं म्हणे. आमच्याकडे टीव्ही काळा-पांढरा, त्यात गोल काढायचा तो चौकटींनी, त्यामुळे कोणीतरी चावा घेतलेली भाकर पडद्यावर फिरतेय असं दिसायचं. पोरांनी तिचं नाव भाऊसाहेब ठेवलं, कारण समोर येईल ते खात सुटायची. एक दिवस खुद्द भाऊसाहेब खोलीत आले. पोरं ओरडत होती, "खा भाऊसाहेब, खा! कोपऱ्यातलं राह्यलं!" ते दारात थबकले.

"हे काय लावलं मास्तर?"

"तुमचं चित्र हाये," सर अजिबात न अडखळता म्हणाले. "संस्थेच्या वाढीवर. डोये बारीक करा."

भाऊसाहेबांनी बारीक केले. बराच वेळ पाहिलं. "अंगानं जरा जास्त दाखवलं," एवढंच म्हणाले आणि समाधानानं गेले.

पण सरांचं मन होतं ते दुसऱ्याच खेळावर. वरून रांगेनं राक्षस उतरत येतात, खाली एकटा माणूस डावीकडे-उजवीकडे सरकत वर गोळ्या मारतो, असा तो खेळ. अडचण राक्षसांची होती. "राक्षस म्या पाह्यला नाही," सर म्हणाले. "जे पाह्यलं नाही थे मी काढत नाही."

ती वर्षं बोंडअळीची होती. अळीचं नाव सलूनपासून कलेक्टर कचेरीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी. औषधाच्या दुकानासमोर रांगा. सरांची स्वतःची पराटीही, म्हणजे कपाशी, तिनं पोखरली होती. ते एक किडकं बोंड बाटलीत घालून घेऊन आले, टीव्हीवर ठेवलं आणि अळीसमोर मांडी घालून बसले, एक डोळा मिटून. पहिल्या झटक्याला पडद्यावर पोपट उमटले, कारण चौकटी माझ्या टेबलक्लॉथवरून घेतल्या होत्या. रांगेनं पोपट उतरताहेत आणि खालचा माणूस त्यांना मारतोय, हे पाहून माझा ऊर भरून आला. माझं भरतकाम पडद्यावर! सरांनी मात्र सगळे पोपट पुसून अळ्या काढल्या.

असा तो उतारा तयार झाला. वरून अळ्यांच्या रांगा. मध्ये पराटीची झाडं, ती अळ्या खात खात खाली येणार. सगळ्यांत खाली पाठीवर पंप घेतलेला शेतकरी, त्यानं सरकायचं आणि वर फवारा मारायचा. मूळ खेळात आभाळातून अधूनमधून एक उडती तबकडी आडवी निघून जायची. सरांनी तिथे जीप काढली. आमच्या भागात तेव्हा पाऊस कमी आणि समित्या जास्त पडत. रस्त्यानं पांढरी जीप गेली की बाया म्हणायच्या, "पाहनी गेली वं माय." पडद्यावरची जीपही तशीच, या टोकाकडून त्या टोकाकडे. खाली कधी यायची नाही.

एक गोष्ट मला नवल वाटण्यासारखी होती. अळ्या मराव्या तशा उरलेल्या जास्त जोरात पळायच्या. शेवटची तर दिसायचीही नाही.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मंग? मीच केलं," सर म्हणाले. दोन दिवसांनी मला व्हरांड्यात गाठून हळूच सांगितलं, "थे आपोआप झालं. अयी कमी झाली का मशीनचं ओझं कमी होते, म्हून पयते. पन कोनाले सांगू नोका."

"आणि सगळ्या मारल्या की?"

"नव्या येतेत. आनखी खालतून."

"मग जिंकायचं कसं? शेवट कुठे आहे?"

"वणीच्या मशीनीतबी नाही. थो खेय जिंकाचा नाही मॅडम, टिकाचा हाये. जेवढा टिकला तेवढे गुन. म्या सारं कमी केलं, रंग काढला, आवाज काढला, पन हे ठेवलं. हाच नवरदेव हाये याचा."

बाजारच्या दिवशी पोरांचे बापही खिडकीतून पाहायला लागले. शेतकरी मेला की आत पोरं आणि बाहेर बाप एकदमच "आरारारा" करायचे.

याच सुमारास भाऊसाहेबांची नजर त्या खोलीवर गेली. त्यांचं जिनिंग होतं आणि सरकीची पोती ठेवायला कोरडी जागा हवी होती. संगणक जुने झाले, त्यांचं निर्लेखन करा, म्हणजे कागदोपत्री भंगारात काढा, असं त्यांनी सुचवलं. हेडमास्तरांनी मान डोलावली. त्या दिवसापासून सर डबा त्या खोलीतच खायला लागले, दाराला पाठ लावून.

आणि तेवढ्यात बातमी आली. कापसाच्या परिस्थितीचा अभ्यास करायला एक मोठी समिती येणार, आणि आमच्या शाळेच्या पटांगणात थांबणार. आधी सगळं पाहून जायला एक अधिकारी आले. आम्ही त्यांना साहेब एवढंच म्हणत असू. साहेबांनी खिडकीपाशी गर्दी पाहिली आणि विचारलं, "इथे काय चाललंय?"

भाऊसाहेबांनी क्षण घालवला नाही. "कीड नियंत्रनाचा कार्यक्रम हाये सायेब. संगनकावर. आपल्या शाळेनंच बनवला."

साहेब खुर्ची ओढून बसले. भोयर सर कॉलर ताठ करून बाजूला. एक मुलगी खेळायला बसली. अळ्या उतरल्या, झाडं गेली, जीप गेली.

"ही वरची गाडी कसली?"

"मदत हाये सायेब," सर म्हणाले. "वरतूनच जाते."

"छान. शासनाची मदत दिसली पाहिजे." साहेब पुढे झुकले. तेवढ्यात शेवटची अळी खाली पोचली, शेतकरी विझला आणि खेळ संपला. साहेब वाट पाहत राहिले. "मग? पुढे?"

"पुढे काही नाही. पुन्यांदा सुरू कराचं."

"असं कसं? शेतकरी जिंकला पाहिजे. समितीसमोर निराशाजनक काही नको. शेवटी अभिनंदनाचा एक संदेश येऊ द्या, शेतकऱ्यांसाठी, चांगल्या मराठीत. एवढं करा, मी या खोलीला संगणक कक्ष म्हणून मंजुरी मिळवून देतो."

"अन् नाही केलं तं?" सरांनी विचारलं.

उत्तर भाऊसाहेबांनी दिलं. "तं सरकी ठेवू."

साहेब गेल्यावर सर किती तरी वेळ अंगठा पुढे धरून त्या कीबोर्डचं माप घेत बसले. मला वाटलं, नेऊन ठेवायला घरात जागा किती लागेल ते पाहताहेत. मग एकदम माझ्याकडे वळले. "चांगलं मराठी म्हंजे तुमी. लिहा."

आणि मी लिहिलं! आनंदानं लिहिलं. 'काळ्या आईच्या कष्टाळू लेकरांनो, कीटकरूपी शत्रूवर आपण संपादिलेल्या देदीप्यमान विजयाबद्दल आपले त्रिवार हार्दिक अभिनंदन.'

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "मॅडम, एवढं बसवाचं तं बंद्या अया बाहेर काढा लागते."

घासाघीस झाली. मी 'देदीप्यमान' सोडलं तेव्हा मला बांगडी फुटल्यासारखं झालं. शेवटी उरलं, 'शेतकरी बंधूंनो, अभिनंदन'. त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. प्रत्येक अक्षर सरांनी आठ-आठ चौकटींत काढायचं आणि ते यंत्राच्या पोटात जागा अडवणार. सरांनी काढून दाखवलं. त्यात 'बंधू'तला उकार ऱ्हस्व होता आणि 'धूं'वर अनुस्वारच नव्हता.

"हे अशुद्ध आहे," मी म्हणाले.

"आठ चौकटी संपल्या मॅडम. वरतं टिकली लावाची तं दुसरं घर घ्या लागते. अभिनंदनातल्या 'नं'लेबी दुसरं घर. मेमरी खाते थे."

"खाऊ दे. समितीसमोर ऱ्हस्व धु जाणार नाही."

"डोये बारीक करा ना."

"शुद्धलेखनात डोळे बारीक करत नाहीत सर."

वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फळ्यावरही लिहून ठेवलं.

सरांनी दीर्घ उकार दिला, सगळे अनुस्वार दिले. यंत्रानं जागा नाही म्हणून कळवलं. मग त्यांनी भाऊसाहेबांना आणि मला खोलीत बोलावलं. आमच्या मांडवातून कोणाला उठवायचं ते ठरवायला.

"अया कमी करू?"

"नोको," भाऊसाहेब म्हणाले. "संकट दिसलं पायजे. त्याच्यावरच तं पैसा येते."

"जीप?"

"जीप सायेबाले आवडली."

"पराटी?"

"कापसाची समिती हाये मास्तर! पराटी काढता काय, बह्याड झाले का?"

"अभिनंदनातली टिकली?"

"नाही," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं, एक डोळा मिटला. "ठीक हाये. बसवतो बराबर."

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगणात मंडप, पुढे समितीच्या खुर्च्या, मागे सतरंजीवर गावातले शेतकरी. स्वागतगीत आमच्या मुलींनी आधीच कॅसेटवर म्हणून ठेवलं होतं, चाल माझी. पाहुणे बसले आणि शिपाई रामाजीनं लाउडस्पीकरला कॅसेट लावली. ती खेळाची निघाली. चारी भोंग्यांतून ती डुकराची किंचाळी सुटली आणि थांबेचना. समितीतले एक गृहस्थ गोंधळून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून शेजारचे राहिले. मग सगळा मंडप उठला आणि सावधान झाला. बंद करावं असं कोणालाच वाटेना, कशाचा अपमान व्हायचा कोण जाणे. संबंध खेळ आम्ही उभं राहून ऐकला. तिकडे यंत्राला सर माझं स्वागतगीत भरवत होते आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. ते चालीला दोष देत होते असं मागाहून कळलं.

कॅसेटींची अदलाबदल झाली. सरांनी टीव्ही स्टेजवर आणला, अंगावर नवी सफारी, कपाळावर ताजी छाया. "पाहा," म्हणाले आणि बाजूला झाले.

अळ्या उतरायला लागल्या. पराटीची पानं गेली. फांद्या गेल्या. वरून जीप गेली, समितीत कौतुकाची कुजबुज झाली. अळ्या आणखी खाली आल्या. खाली कोणी नव्हतं. पंप नाही, माणूस नाही, फवारा नाही. पडद्याचा तळ नुसता काळा. मी सरांकडे पाहिलं, ते समितीकडे पाहत होते. अळ्या सावकाश, कुणीच अडवत नसल्यामुळे आरामात, अगदी तळाला पोचल्या. आणि मग संपूर्ण पडदाभर, दीर्घ उकारासकट आणि अनुस्वारांसकट, अक्षरं उमटली.

शेतकरी बंधूंनो, अभिनंदन.

टाळ्या पडल्या. साहेबांनी आधी वाजवल्या, मग सगळ्यांनी. समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "वा. पण शेतकरी नेमका कुठला?"

"डोये बारीक करा सायेब," सर म्हणाले.

अध्यक्षांनी बारीक केले. "हां, हां. दिसला," असं खरोखर म्हणाले.

मागून, सतरंजीवरून, एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "मास्तर, आपला मानूस कोठी गेला?"

"जागा नोती काकाजी," सर तिकडे वळून म्हणाले. "अभिनंदन आलं ना!"

मग म्हातारा हसला. मग त्याच्या शेजारचा. हसू मंडपाच्या शेवटच्या बांबूपर्यंत गेलं, मांड्या थोपटल्या जायला लागल्या, कोणाच्या तरी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समितीनं मागे वळून पाहिलं आणि समाधानानं माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तोच फोटो आला, खाली छापलं होतं, 'बळीराजाच्या चेहऱ्यावर हसू'.

खोलीला मंजुरी मिळाली. भाऊसाहेबांनी सरकी हेडमास्तरांच्या खोलीत ठेवली.

मी सरांना विचारलं, शेतकरी मुद्दाम काढलात का? त्यांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "मी कलावंत हाये मॅडम. कोनाले काढू, कोनाले काढू, असं साऱ्याइले इचारलं. सारे ज्याच्या त्याच्यासाठी बोलले. त्याच्यासाठी कोनी बोललं नाही, म्हून जागा त्याचीच होती." आणि मग, जरा थांबून, "तुमची टिकली मात्र झकास दिसली."

पुढे नवे संगणक आले, उंदीर लावलेले. त्यांच्याबरोबर नवे, रीतसर शिकलेले सर आले. जुनी यंत्रं शेवटी भंगारात निघालीच. भोयर सर त्याच्या आधी निवृत्त झाले होते.

मग एकदाच दिसले. राळेगावच्या स्टँडबाहेर मी एसटीची वाट पाहत उभी होते. समोरून सायकल आली. केस तसेच काळे, छाया भुवयांपर्यंत उतरलेली. मागे कॅरिअरवर सुतळीनं काहीतरी बांधलेलं, आणि त्यावर पोपट. माझे पोपट, धुऊन धुऊन फिके पडलेले.

"सर! टेबलक्लॉथ माझा आहे तो."

"धूय लागते ना मशीनीले. भंगारातून सोडवून आनली होती," ते एक पाय टेकवून म्हणाले. परत द्यायचा विषय त्यांच्या मनालाही शिवला नाही.

"चालतं अजून ते?"

"न चालाले काय झालं? घरी टीव्हीले लावतो. नातनी खेयतेत."

मी जरा घुटमळले. "आणि तो? त्याला परत घेतलं का?"

"मंग? त्याच दिवशी घेतलं, मंडप उतराच्या आधी. अभिनंदन काढलं, अन् तुमच्या बंद्या टिकल्यागिकल्या काढल्या. मस्त जागा झाली. पंपासकट बसला."

"जिंकला का कधी?"

सरांनी एक डोळा मिटला, अंगठा पुढे धरला आणि माझं माप घेतलं, अंबाड्यापासून चपलेपर्यंत. "तुमी अजून तेच इचारून राह्यल्या मॅडम?"

आणि निघाले. त्यांच्या गावाचा रस्ता तेव्हा रस्ता कमी आणि खड्डे जास्त असा होता. दोन्ही बाजूंना पराटी, हिरवी, वरून बरी दिसणारी. सर खड्डे चुकवत चालले होते, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांच्या अंगावर धूळ उडवत एक पांढरी जीप निघून गेली. त्यांनी मान वर केली नाही, फक्त जरा उजवीकडे सरकले.

एसटी आली. कंडक्टर ओरडत होता, "बाई, चढता का नाही?" मी तशीच उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, डोळे बारीक केले. सायकल दिसेनाशी झाली, पोपट दिसेनासे झाले. अगदी खाली एक ठिपका तेवढा होता, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे.